बोटांखालची खोली

१

आमच्या बैठकीच्या भिंतीवर ओलीचा एक डाग होता, साधारण उशीएवढा. तीनदा रंग दिला, तीनदा तो वर आला. शेवटी माझी बायको इंदू म्हणाली, आता त्याच्यावर काहीतरी टांगू या, आणि टांगायचंच तर कॅलेंडर नको, ऑइल पेंटिंग पाहिजे.

हे तिच्या डोक्यात शिरलं छावणीत. तिथल्या एका मेजरसाहेबांच्या बायकोने झाशीतल्या मराठी बायकांना चहाला बोलावलं होतं, आणि त्या बंगल्यात हाताने रंगवलेलं खरं तैलचित्र होतं. इंदूने ते नाक लावून बघितलं. ‘रंगाचे थर दिसतात हो,’ ती मला आठवडाभर सांगत होती. ‘पोळीवर तूप थिजावं तसे.’

मी रेल्वेच्या वॅगन वर्कशॉपमधून निवृत्त झालेला माणूस. थर म्हटलं की मला जाडी किती ते आधी आठवतं. तरी गेलो. सीपरी बाजारात अमित भैयाचं फ्लेक्स-बॅनरचं दुकान आहे. निवडणूक नसेल तेव्हा तो सीनरी छापतो.

‘अंकलजी, ओरिजिनल लेके क्या करेंगे?’ तो म्हणाला. ‘कॅनव्हास पे प्रिंट निकालता हूँ, ऊपर से पारदर्शी जेल ब्रश से मारता हूँ. सूख जाए तो हाथ फेरिए. मेजर साहब भी फरक नहीं बता पाएँगे.’

इंदूने चित्र निवडलं. मोठं तळं, दोन होड्या, पिवळ्या पानांची झाडं आणि लांबवर लाल छपराचं घर. कुठलं आहे विचारलं तर अमित म्हणाला, ‘बाहर का है.’ एवढ्यावर आमचं समाधान झालं.

चित्र टांगलं आणि डाग झाकला गेला. मग मी माझ्या मोठ्या बहिणीला, कांचनताईला, हात धरून भिंतीपाशी आणलं. ताईने मुलींच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. काचबिंदूने चार वर्षांपूर्वी तिचे दोन्ही डोळे गेले आणि दोन वर्षांपासून ती आमच्याकडे आहे. घरात काही नवीन आलं की ते तिच्या हाताला दाखवायचं, असा आमचा रिवाज. कुकर, गाद्या, मोलकरणीचं बाळ, सगळं तिने असंच पाहिलंय.

तिने दोन्ही हात चित्रावर सावकाश फिरवले. शाळेत उठावाच्या नकाशावर फिरवायची तसे.

‘छान आहे,’ ती म्हणाली. ‘पण माणूस पाठमोरा का काढलाय?’

‘कुठला माणूस? तळं आहे ते, ताई. होड्या आहेत.’

‘असतील. मला खुर्ची लागतेय. खुर्चीत माणूस बसलाय, आपल्याकडे पाठ करून.’

मी आणि इंदूने एकमेकांकडे बघितलं. ज्या घरात एकाला दिसत नाही, तिथे बाकीच्यांना ही वाईट सवय लागतेच.

२

चार वाजताचा चहा आम्ही बैठकीतच घेतो. गोल टेबल, तीन खुर्च्या, पश्चिमेची खिडकी. जानेवारीतलं ऊन तिरपं आत येतं आणि समोरच्या डेअरीवर किटल्यांचा आवाज चालू असतो. चहाआधी ताई आता रोज चित्रापाशी जायची आणि बातमी घेऊन यायची.

सोमवारी तिला खिडकी सापडली. उभे गज, सहा. मंगळवारी फुलदाणी. बुधवारी म्हणाली, ‘त्याच्या खांद्यावर शाल आहे. झालर कळते बोटाला.’ ही सगळी माहिती ती अगदी निवांत द्यायची, शेजारी भाडेकरू आल्यासारखी.

‘वन्सं, बिस्किट घ्या,’ इंदू म्हणायची आणि विषय बदलायची.

शुक्रवारी आमच्या मुलाचा, आशिषचा, इंदूरहून फोन आला. तो मराठी बोलायला निघतो आणि अर्ध्या वाटेत हिंदीत उतरतो. ‘बाबा, आत्याला एकदा न्यूरोवाल्याला दाखवा. बुजुर्गों में होता है. जे नाही ते दिसतं.’

‘तिला दिसत नाही रे. लागतं.’

‘वही तो. वेळेत दाखवा. आणि सारखी पडझड व्हायला लागली तर पुढचा विचार करावा लागेल.’

पुढचा विचार म्हणजे काय ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मंगळवारची वेळ घेतली. ताईला सांगितलं, रक्तदाबाचं आहे. ती ‘बरं’ म्हणाली आणि बिस्किट चहात इतका वेळ धरून बसली की ते गळून पडलं. आवाजातला खोटेपणा तिला डोळस माणसांपेक्षा लवकर कळतो.

इंदूची अडचण वेगळीच होती. मराठी मंडळाच्या विजयालक्ष्मीबाई सहज डोकावल्या होत्या आणि चित्र बघून ‘खरं आहे?’ असं विचारून बसल्या होत्या. इंदू म्हणाली, खरं आहे. कोणी काढलं, विचारलं तर म्हणाली, गुरसरायच्या माझ्या दामोदरने. दामोदर तिचा चुलतभाऊ. त्याचं खताचं दुकान आहे. त्याने आयुष्यात कशाला रंग लावला असेल तर तो फाटकाला.

आता रथसप्तमीआधीच्या रविवारी हळदीकुंकू होतं आणि सगळ्या बायका दामोदरचं चित्र बघायला येणार होत्या.

३

डॉक्टरकडे जाण्याआधी मी अमितकडे जाऊन आलो. माणसाला खात्री करून घ्यावीशी वाटते, विशेषतः आपली बहीण चुकीची आहे याची.

‘भैया, ते जेल तू लावतोस, त्यात काही काढतोस का? खुर्ची वगैरे?’

अमितने माझ्याकडे जरा काळजीने बघितलं. ‘जेल में का बनाहें, अंकलजी? मोबाइल पे मॅच चलती है, हाथ चलता है.’ त्याने करून दाखवलं. एका हिमालयावर त्याने सपासप ब्रश मारला. नजर पूर्ण वेळ मोबाइलवर. आडवेतिडवे फटकारे, अर्थ काही नाही. वाळलेल्या दुसऱ्या एका चित्रावर डोळे मिटून मी हात फिरवला. नुसत्या लाटा.

घरी आलो. इंदू भाजी आणायला गेली होती, ताई आत पडली होती. मी दार लोटलं, डोळे मिटले आणि आमच्या तळ्यावर हात ठेवला. मनात म्हटलं, छत्तीस वर्षं वॅगनच्या वेल्डिंगवर बोट फिरवलंय, मला भेगही सापडते.

लाटाच होत्या. बरं वाटलं. मग बोट पाण्याच्या मधोमध आलं आणि एका रेषेवर चढलं. रेष सरळ खाली गेली, वीतभर, आणि तिथून काटकोनात वळली.

मी डोळे उघडले. समोर पाणी आणि होडी. हत्यारांच्या पेटीतून गुण्या आणला, लावला. बरोबर नव्वद अंश. क्रिकेट बघणाऱ्या माणसाच्या हातून एवढी सरळ रेष येत नाही. वर्कशॉपमध्ये क्रिकेट न बघणाऱ्यांच्या हातूनही येत नसे.

४

गाडीच्या विम्यासाठी चेसिसचा नंबर उतरवून घेतात, ते आठवलं. नंबरावर पातळ कागद धरायचा आणि पेन्सिल आडवी घासायची, की आकडे उठून येतात. सोमवारी दुपारी मी पतंगाचा कागद आणला, चार ताव एकमेकांना चिकटवले आणि चित्रावर लावले. इंदूने कागद धरला. ताई खुर्चीत बसून होती.

‘काय चाललंय?’

‘काही नाही ताई, जरा माप घेतोय.’

‘पेन्सिलचा आवाज आहे हा,’ ती म्हणाली.

मी घासत गेलो. वरच्या कोपऱ्यात खिडकी आली. गज मोजले, सहा. फुलदाणी आली. मग खुर्चीची पाठ, तिच्यावर डोकं, खांदे, शालीची झालर. पाठमोरा माणूस, निवांत बसलेला. पाय कुठे ते कळत नव्हतं. तळ्याचा किंवा होड्यांचा कागदावर पत्ता नव्हता.

इंदूच्या हातातून कागदाचं टोक सुटलं. तिने ते पुन्हा धरलं.

मी मनातल्या मनात कारणं काढत होतो. कोणी जुनं चित्र पुसून वर छापलं असेल. पण कॅनव्हास नवा होता. अमित थट्टा करत असेल. पण अमितला मी दहा वर्षं ओळखतो, त्याला बॅनरवर नेत्यांची नावं धड लिहिता येत नाहीत.

‘त्याच्यासमोर भिंतीवर काहीतरी आहे,’ ताई म्हणाली. ‘चौकोन. तिथे फार बारीक काम आहे, मला लागलं नाही. ते घास.’

मी पेन्सिलला टोक काढून तो चौकोन हलक्या हाताने घासला. ते चित्र होतं. त्या माणसाच्या भिंतीवर टांगलेलं, आगपेटीएवढं. तो त्याच्याकडेच बघत बसला होता. त्यात गोल टेबल होतं. टेबलाशी एक बाई खुर्चीत बसलेली. बाकी दोघं उभी, एकमेकांच्या शेजारी, हात वर करून काहीतरी धरल्यासारखी. उभ्या बाईचा अंबाडा कळत होता. पुरुषाचं टक्कल तर अगदी स्पष्ट.

मी हात खाली घेतला. इंदूनेही.

मग मी ताईला, काय उठलंय ते सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

‘म्हणजे मला वेड लागलेलं नाही,’ ती म्हणाली.

‘नाही, ताई.’

‘उद्याचं ते रक्तदाबाचं?’

‘रद्द करतो.’

‘कर.’ तिने पदराने नाक पुसलं. ‘पेन्सिल हातात घ्यायला पंधरा दिवस लागले तुला, मधू.’

मला तिच्याकडे बघवेना. ती बघत नव्हती तरीही.

५

चित्र काढून टाकावं, असं मी त्याच संध्याकाळी म्हणालो. इंदू म्हणाली, रविवारपर्यंत राहू दे. बायका दामोदरचं चित्र बघायला येणार, त्यांना काय ओलीचा डाग दाखवू?

‘अगं पण तो बघतोय.’

‘बघू दे. आपण काय वाईट दिसतो?’

दुसऱ्या दिवशी चार वाजता ती अंबाड्याला गजरा लावून आणि इस्त्रीची साडी नेसून चहाला आली. मला म्हणाली, बनियनवर बसू नका. कप बदलले. तडा गेलेली बशी बाद झाली. बेचाळीस वर्षांच्या संसारात मला नीट कप मिळाला तो असा, कोणीतरी परका बघतोय म्हणून. मी पोट आत घेऊन बसायचो. चहा गिळतानाही अवघडल्यासारखं व्हायचं.

ताईचं निरीक्षण चालू होतं. इंदूने एकदा तिला हटकलं.

‘वन्सं, तुम्ही रोज त्या माणसाच्या पाठीवरून हात फिरवता.’

‘मग?’

‘परपुरुष आहे.’

ताई थबकली. या बाजूने तिने विचार केला नव्हता. ‘मला काय माहीत,’ ती म्हणाली, ‘मी झालर बघत होते.’ पण तिचे कान लाल झाले.

गुरुवारी ती चित्रापासून जरा लवकर परत आली आणि खुर्चीत बसताना तिने माझा हात धरला.

‘मधू, आज कान लागला.’

‘म्हणजे?’

‘इतके दिवस डोक्याची मागची बाजू होती. आज कान आहे. त्याने मान वळवलीय. पाठीला कोणीतरी हात लावतंय, हे त्याला कळलंय.’

शुक्रवारी कान आणि गालाचं हाड. शनिवारी खुर्ची रिकामी होती.

ताईने पूर्ण कॅनव्हास दोनदा तपासला. दाराशी नाही, खिडकीशी नाही. फक्त शाल खुर्चीवर टाकलेली.

‘गेला,’ मी म्हणालो. मला खरोखर हलकं वाटलं. चहाला मी बनियनवर बसलो.

‘शाल ठेवून कोणी जात नाही,’ इंदू म्हणाली. ‘बोलवायला गेला असेल.’

‘कोणाला?’

‘मी बोलावलंय ना रविवारी बायकांना? त्यालाही त्याचं चित्र कोणाला दाखवावंसं वाटत असेल.’

६

हळदीकुंकवाला पुरुषांनी बैठकीत थांबायचं नसतं. मी आतल्या खोलीत पलंगावर बसून पडद्याच्या फटीतून बघत होतो. बारा-तेरा बायका आल्या. तिळगूळ, अत्तर, वाण म्हणून प्लास्टिकचे डबे. नव्या मुली आपसात हिंदीत बोलत होत्या आणि विजयालक्ष्मीबाई चित्रापुढे उभ्या राहून दामोदरच्या ब्रशचं कौतुक करत होत्या. ‘हात सराईत आहे,’ त्या म्हणाल्या. इंदूने मान खाली घातली. त्यांना ती नम्रता वाटली.

ताईने सवयीने चित्रावर हात ठेवला आणि लगेच काढला.

‘गर्दी आहे,’ ती म्हणाली.

‘हो ना, पाय ठेवायला जागा नाही,’ कोणीतरी म्हणालं.

‘इथली नाही,’ ताई म्हणाली. पण तेवढ्यात कोणीतरी उखाण्याचा आग्रह धरला आणि ते तसंच राहिलं.

चार वाजले असतील. एक मुलगी गालाला हात लावून हसली. ‘काकू, हळद एकदा लावली ना. कितनी बार लगाएँगी?’ इंदू तर दुसऱ्या टोकाला होती. मग तिच्या शेजारची मान झटकून म्हणाली, ‘अगं, गुदगुल्या होतात.’ मग तिसरी. एकमेकींकडे बघून त्या खिदळत होत्या. प्रत्येकीला वाटत होतं, शेजारणीने गाल कुरवाळला. हळदीकुंकवात तोंडाला हात लागणं कोणाला वावगं वाटत नाही. मी मात्र पडद्यामागून बघत होतो. ज्या गालांना हात लागत होता, त्यांच्याजवळ कोणाचाच हात नव्हता.

फक्त गाल किंचित आत दबत होते. बोटाएवढे.

इंदू माझ्याकडे बघत होती. तिच्या हातात मसाला दुधाच्या पेल्यांचा ट्रे होता आणि पेले कडेला सरकत होते. मी रिवाज सोडून बाहेर गेलो आणि तो तिच्या हातातून घेतला.

तेव्हा ते माझ्या कपाळावर टेकलं. कोरडं, थंड, बोटाच्या पेराएवढं. घाई नव्हती. कपाळावरून नाकावर आलं आणि चष्म्यापाशी थांबलं. फ्रेमच्या कडेने एक फेरी पूर्ण मारली, आणि काचेवर नखाने दोनदा टकटक केलं.

मी ट्रे पाडला नाही. एवढं एक मी आजही अभिमानाने सांगतो.

‘मधुसूदनजी, काय झालं?’ विजयालक्ष्मीबाईंनी विचारलं.

‘काही नाही. दूध घ्या.’

बायका सहा वाजता गेल्या. कार्यक्रम फार छान झाला, असा त्या रात्रीपर्यंत फोनवर निरोप देत होत्या. मी चष्मा काढून पुसला. काचेवर तेलकट डाग होता. वास घेतला. जवसाचं तेल. वर्कशॉपमध्ये लाकडाला लावायचो ते. ऑइल पेंटिंगचे रंग त्यातच कालवतात.

‘बघा,’ इंदू खुर्चीत बसत थकलेल्या आवाजात म्हणाली, ‘म्हणजे त्यांच्याकडे आपण तरी खरं ऑइल पेंटिंग आहोत.’

७

सोमवारी सकाळी मी चित्र उतरवलं, आतल्या कोठीत नेलं आणि तांदळाच्या डब्यामागे, तोंड भिंतीकडे करून ठेवून दिलं. ताई म्हणाली, ‘असं करायला नको होतं. कोणाला तोंड फिरवून ठेवतात का?’

चार दिवस शांततेत गेले. बैठकीत ओलीचा डाग परत दिसायला लागला आणि मला तो चक्क आवडला. तडा गेलेली बशी परत आली.

शुक्रवारी चार वाजता मी पहिला घोट घेतला आणि किटल्यांचा आवाज थांबला. डेअरीवाला बाहेर गेला असेल, असं वाटलं. मग लक्षात आलं की स्कूटर नाहीत, कबुतरं नाहीत, स्टेशनाकडची शिट्टी नाही. आवाज कमी झाले नव्हते. कापले गेले होते. आणि उजेड गेला, ढग आल्यासारखा नाही, फळी लावल्यासारखा.

‘दिवा लावा,’ इंदू म्हणाली. लावला. लागला. मी खिडकीशी जाऊन पडदा सारला.

गजांच्या बाहेर भिंत होती. चुन्याची, जुनी, पोपडे आलेली. गल्ली, डेअरी, कडुनिंब, सगळ्याच्या जागी भिंत. तिच्यावर कोळ्याचं एक जाळं होतं आणि त्यात वाळलेली माशी होती. माशी आमच्या दारापेक्षा मोठी होती.

‘काय आहे हो?’

मी पडदा ओढून घेतला. ‘आपल्याला तोंड फिरवून ठेवलंय,’ मी म्हणालो.

इंदूने दाराला आतून कडी घातली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. मी फोन लावला, आशिषला. फोन मेला होता. तेव्हा मी कोठीत धावलो, डबा सरकवला, चित्र काढलं आणि बैठकीत आणून खिळ्यावर अडकवलं. घाईत वाकडं लागलं.

‘सरळ करा,’ इंदू म्हणाली.

सरळ केलं. काही झालं नाही. बाहेर तीच शांतता. ताई उठली, चाचपडत आली आणि तिने हात ठेवला.

‘उभा आहे,’ ती म्हणाली. ‘भिंतीशी. खाली वाकून आपल्याकडे बघतोय. उचलू की नको, असं चाललंय त्याचं.’

‘मग?’

ताईने तळ्याच्या मधोमध, जिथे मला फक्त पाणी दिसत होतं, तिथे तळहात ठेवला आणि हळूच दोनदा थोपटलं. वर्गात रुसलेल्या मुलीच्या पाठीवर थोपटायची तसं. ‘चुकलं आमचं,’ ती म्हणाली. ‘पुन्हा नाही करणार. उचल, बाळा.’

घर थोडं हललं. मांडणीवरची भांडी वाजली. मग खिडकीतून ऊन आलं आणि डेअरीवरून कोणीतरी ओरडलं, ‘काय भैया, दूध लेने कै नईं?’

इंदू खाली जमिनीवर बसली आणि रडली. ताई तिच्याजवळ बसली. दोघींनी एकमेकींना धरलं. बेचाळीस वर्षांत मी हे पहिल्यांदा बघितलं.

८

त्यानंतर चित्र उतरवायची भाषा कोणी काढली नाही. आम्ही तिघं चार वाजता वेळेवर बसायला लागलो. मार्चमध्ये आशिषने इंदूरला या म्हणून तिकिटं पाठवली, ती परत केली. आत्याची तब्येत बरी नाही, असं सांगितलं. आत्याला त्याचा राग आला नाही. तीच म्हणाली, ‘माझ्यावर घाल.’

बाहेरून बघणाऱ्याला आम्ही सुखी दिसत असू. हळूहळू आम्ही बोलायलाही चांगलं लागलो. परक्यासमोर भांडायचं नाही, हे आमच्या दोन्ही घराण्यांचं वळण. इंदू मला त्या तासात एकदाही टोमणा मारत नसे. ताई शाळेतल्या गमती सांगायची आणि आम्ही खरोखर हसायचो. कधीकधी मी विसरूनही जायचो.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ताई चित्रापाशी नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहिली.

‘दुसरा एक माणूस आलाय,’ ती म्हणाली. ‘त्यांच्या भिंतीवरच्या आपल्या चित्रासमोर उभा आहे. दोन्ही हात असे पसरलेत.’

तिने करून दाखवलं. कापडवाला पन्हा मोजतो तसे हात.

‘आणि आपला?’ इंदूने विचारलं. ती त्याला ‘आपला’ म्हणायला लागली होती.

‘खुर्चीत आहे. पाठ आपल्याकडे करून. शाल डोक्यावरून घेतलीय.’

इंदूने कपात साखर घातली आणि ढवळत राहिली. ‘त्या दुसऱ्याचं तोंड लागतं का बोटाला, वन्सं? माणूस बरा वाटतो का?’

‘तोंड गुळगुळीत आहे,’ ताई म्हणाली. ‘काहीच लागत नाही.’

दुसऱ्या दिवशी आम्ही चार वाजता बसलो. इंदूने लग्नातला शालू काढला होता. मी कोट घातला होता, त्या उकाड्यात. कोणी कोणाला का ते विचारलं नाही. ताईला भिंतीपर्यंत जायचं नव्हतं. ती खुर्चीत दोन्ही हात टेबलावर ठेवून बसली.

मी चहा ओतला. कप बशीत ठेवला आणि बघत राहिलो. कपातला चहा एका बाजूला चढत होता. सावकाश, काठापर्यंत आला आणि तिथे थांबला. दुसऱ्या बाजूला कपाचा तळ दिसत होता. टेबल दिसायला सपाट होतं. मी खिशातून वर्कशॉपमधली छोटी लेव्हल काढून लावली. पाण्याचा बुडबुडा काचेच्या एका टोकाला जाऊन बसला होता.

पंखा तिरका लोंबत होता. खिडकीतलं ऊन भिंतीवरून सरकत छतावर गेलं, तिथून दारावर आलं आणि गेलं.

मग चहा हिंदकळला. थांबला. पुन्हा हिंदकळला, थांबला. एका लयीत. इंदूने माझं मनगट धरलं आणि मी ताईचं. ताईने मान किंचित कलती करून ऐकलं आणि ओठांतल्या ओठांत मोजलं, सहा, सात, आठ.

‘घट्ट धरून बसा,’ ती म्हणाली. ‘आपल्याला घेऊन जिना उतरतायत.’